हातावर अर्धंच लिवलं

जलालभाऊचा हात धराचा मले पगार भेटते, असं बोरी अरबातले लोक हासून सांगतात. सांगो बापा! परक्या माणसाचा हात धरते म्हणून सुरुवातीले माह्या सासूनंही तोंड वाकडं केलतं. पण जलालभाऊले ना दिसत, ना ऐकू येत. कोणी काही बोललं की त्याच्या तळहातावर मी बोटानं एकेक अक्षर काढते. तेव्हा त्याले समजते.

दहाव्या वर्षी तापात त्याचे कान गेले. तोवर मराठी शाळेत अक्षरं शिकलता, म्हणून अजूनही आपल्या तोंडानं बोलते, जरा जास्तच मोठ्यानं. पुढं मोटरा दुरुस्तीच्या दुकानात बॅटरी फुटली अन् डोळेही गेले. तरी पंपाच्या मोटरवर हात ठेवला की बेरिंग गेली का नाही, बरोबर सांगते.

यवतमाळच्या एका संस्थेनं मले हे काम शिकवलं. म्हणत, समोरचा बोलन ते सगळं लिवाचं, आपल्या मनानं काही गाळाचं नाही. मी मान डोलावली. मोठी शहाणी!

मागच्या महिन्यात त्याच्या पोरीले, कहकशांले, पाहाले ढाणकीचे पाहुणे आले. जलालभाऊच्या एका हातावर मी लिवत होती, दुसऱ्या हातात पोरीचा हात. नाश्ता झाला अन् पोराची माय एकदम बोलली, "बाप असा हाय. उद्या हिचे लेकरंही आंधळे-बहिरे निघाले तं आम्ही काय कराचं?"

माहं बोट अडकलं. बापाच्या हातावर हे कसं लिवू मायबाई? मी लिवलं, 'पोहे चांगले झाले म्हणते.'

जलालभाऊ खुशीनं हासला. "पोरीनंच केले!" म्हणाला. पाहुण्यांनी एकमेकांकडं पाह्यलं. थोड्या वेळानं उठून गेले.

ते गेले, पोरगीही आत निघून गेली, तरी त्यानं माहा हात सोडला नाही. "ताई, पोह्याची तारीफ ऐकून पोरीनं मूठ काहून आवळली?"

मले रडूच आलं. मग लिवलं, शब्दन् शब्द.

त्यानं माहा हात सोडला. मग म्हणे, "माहे कान तापानं गेले, डोळे बॅटरीनं. हे लेकरांत उतरत नाही, एवढं मी सांगतलं असतं. तू सांगूच नाही दिलं. दया आली तुले माही? अन् मी त्या बाईच्या तोंडावर हासलो!"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मले.

"जाऊ द्या, दुसरं स्थळ येईन," त्याची बायको हजराबी भाभी म्हणाली. तेही मी लिवलं.

"स्थळ जाऊ दे. माहा जबाब राह्यला. फोन लाव."

पोराच्या मायले लावला, स्पीकरवर. ताप, बॅटरी, सारं त्यानं आपल्या तोंडानं सांगतलं. मग म्हणे, "आता तुमचं बोला."

तिकडून ते बाई हळूच बोलली. मी एक अक्षर गाळलं नाही. 'भाऊ, माफ करा. तुमचं खरं असन. पण माहं मन घेत नाही. नकार समजा.'

त्यानं हात मिटून घेतला. "बरोबर लिवलं," म्हणे.

मी त्याची मूठ उघडून लिवलं, 'पोरीले मी सांगू?'

"नाही. बाप मी आहो," म्हणाला, अन् भिंत चाचपत आतल्या खोलीत पोरीकडं गेला.