आधी ‘येतो’ म्हण

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांच्या तावडीतून ‘येतो’ म्हटल्याशिवाय सुटलेला माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये सापडायचा नाही. निघताना ‘जातो’ म्हणू नये, हे आपल्या सगळ्यांच्याच घरी शिकवतात. पण आपण ते घरच्यांपुरतं पाळतो, काकांनी ते सरसकट लागू केलं होतं. गॅसवाला, कुरियरवाला, विजेचं मीटर बघायला आलेला माणूस, कोणीही दारातून नुसता वळला की काका अनवाणी जिन्यापर्यंत त्याच्या मागे. ‘ओ, असं नाही निघायचं. येतो म्हणा.’ एकदा पाण्याचा फिल्टर विकायला आलेल्या एका गृहस्थाला त्यांनी चहा पाजला, गप्पा मारल्या, काही घेतलं नाही आणि शेवटी उंबऱ्यावर थांबवून ‘येतो’ म्हणायला लावलं. पुढच्या आठवड्यात तो खरंच आला. काकूंना फिल्टर घ्यावा लागला.

दुसरं वेड दोरांचं. काकांनी बांधलेली कपड्यांची दोरी सोडवायला काकाच लागत. गणपती आणताना रिक्षात मूर्तीला ते असा काही आडवातिडवा पट्टा बांधत, की रिक्षा उलटली असती तरी बाप्पा जागचे हलले नसते. आणि पावसाळा आला की हे वेड धबधब्यावर पोचायचं. आमचा बिल्डिंगमधल्या आणि कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींचा एक ग्रुप आहे. चेकनाक्यावरून पहाटे गाडी काढायची, कर्जतच्या पुढे डोंगर चढायचा आणि धबधब्याच्या माथ्यावरून, कमरेला पट्टे आवळून, अंगावर पाणी घेत कडा उतरायचा, हा आमचा उद्योग. उतरणाऱ्याला दोर दोन. एकावरून तो उतरतो. दुसरा सेफ्टीचा, तो वर बसलेल्या माणसाच्या हातात. तो वरचा माणूस म्हणजे काका. दोर हातात धरून ते विचारायचे, ‘काय म्हणायचं?’ ‘येतो’ ऐकल्याशिवाय दोर बोटभर सुटायचा नाही.

माझ्या घराण्यात पहिली पदवी माझी. ती फ्रेम करून दारासमोर लावली आहे आणि आल्यागेल्याला दिसावी म्हणूनच तिथे लावली आहे, हे मी लपवत नाही. वडील रिक्षा चालवतात. मी धबधब्याचं नाव काढल्यावर ते म्हणाले, ‘एवढी शिकवली ती दोरीला लटकायला?’ काका वर आले, आमच्या पलंगावर बसले आणि एवढंच बोलले, ‘दोरी माझ्या हातात असेल.’ वडिलांनी पुन्हा विषय काढला नाही. तेव्हापासून काकांसाठी मी ‘पदवीधर’. ‘काय गो पदवीधर, जेवलीस काय?’ अशी मालवणी हाक जिन्यात आली की मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

आता खरी गोष्ट. काका स्वतः कधीच उतरले नव्हते. सगळे खाली पोचले की ते दोर गुंडाळून पायवाटेनं यायचे. ‘वर कोणीतरी लागतं ना!’ हे कारण. आम्हाला सगळं कळत होतं, कोणी बोलत नव्हतं. गंमत अशी, की दर गणपतीत काकांच्या घरी पाहुणे जमले की काका धबधब्यात कसा पाय घसरला, पाण्यानं डोकं कसं बडवलं, हे हातवारे करून सांगायचे. घसरलेला पाय माझा असायचा. मी समोर बसून मोदक खायची आणि मान डोलवायची.

आणि एका पावसाळ्यात काकूंनी जाहीर केलं, ‘यंदा मीपण येणार. बघू तरी हे कसे उतरतात.’

काका गाडीत दोराच्या गाठी सोडून पुन्हा बांधत बसले. माथ्यावर पोचल्यावर काकू मांडीवर डबा घेऊन कड्यापासून लांब एका दगडावर बसल्या. आम्ही सगळे ढगांकडे बघायला लागलो. काका म्हणाले, ‘आज दोर ओला वाटतोय.’

‘काका, धबधबा आहे यार,’ कोणीतरी बोललंच.

काकांनी सेफ्टीचा दोर माझ्या हातात दिला. त्यांची बोटं गार पडली होती. मी हळूच म्हटलं, ‘काका, नको असेल तर मी काकूंना सांगते, पोट बिघडलंय म्हणून.’

‘गप गो. धर नीट.’

आणि ते उतरायला लागले. दरीकडे पाठ, डोळे मिटलेले. चार पावलं गेले असतील, तर पाण्यातच एका खाचेत पाय रोवून उभे राहिले. मला वाटलं, पाय अडकला.

‘मला वर घे!’ खालून आरोळी आली.

‘काय झालं?’

‘येतो म्हणायचं ऱ्हवलं!’

सगळे हसत सुटले. मीपण हसले. ‘तिथूनच म्हणा ना!’

‘हंयसून चालत नाय! उंबऱ्यावरून म्हणायचं असतं!’

त्यांना वर ओढणं आमच्यानं होणार नव्हतं आणि ते खाली सरकेनात. हेल्मेटवर पाणी कोसळत होतं. दोराच्या टोकाला त्यांचं लटपटणं मला तळहातात जाणवायला लागलं, तेव्हा माझं हसू थांबलं. मग बाकीच्यांचंही. या माणसाच्या एका शब्दावर माझ्या बापानं मला सोडलं होतं, आणि आता तो माणूस माझ्या हातात होता.

काकू उठल्या. आमच्यातल्या एकानं त्यांच्या कमरेला दोर बांधला, तशा त्या माझ्या शेजारी येऊन ओरडल्या, ‘अहो! पहाटे घरातून निघताना तुम्ही म्हणालात ना देवाला येतो म्हणून? मी ऐकलंय. अजून घरी कुठे पोचलाय तुम्ही? ते अजून चालू आहे! उतरा!’

मग दोर हलला. काका अगदी हळूहळू, एकेक पाऊल चाचपत, पार खाली गेले.

काकूंनी डबा उचलला. ‘मी पायवाटेनं येते. इतकी वर्षं हे जिथून आले, तिथून.’

मी दोर खाली ठेवला. ‘तुम्हाला ठाऊक होतं?’

‘पँट मी धुते ना गं. कड्याला घासलेली कुठली आणि चिखलात माखलेली कुठली, मला कळत नाही होय?’

‘मग आज कशाला भरीस घातलंत त्यांना?’

‘दर गणपतीत एवढ्या हौसेनं सांगतात,’ काकू म्हणाल्या, ‘म्हटलं, एकदा खरं होऊ दे.’

त्या वर्षीच्या गणपतीत मात्र काका धबधब्याबद्दल चकार शब्द बोलले नाहीत. पाहुण्यांनीच विषय काढला, तेव्हा नुसते हसले आणि प्रसादाचं ताट पुढे केलं.

मग आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. आम्ही इथेच भाड्यानं राहिलो. काका निवृत्त झालेले, ते दोघं कुडाळला गावच्या घरी निघाले. टेम्पोत सामान चढलं. धबधब्यावर वापरून जुना झालेला एक दोर काकांनी त्याच्यावरून टाकला. पलीकडचं टोक त्यांनी बांधलं, अलीकडचं बांधायला माझ्याकडे दिलं. मी ते हातातच धरून ठेवलं. काका ड्रायव्हरशेजारी बसले, समोरच्या काचेकडे बघत म्हणाले, ‘चल गो पदवीधर.’

‘काका, आधी म्हणा.’

ते खिडकीची काच वरखाली करायला लागले. काकूही या वेळी मदतीला आल्या नाहीत. पदरानं चष्मा पुसत बसल्या. ड्रायव्हरनं माझ्याकडे बघून हॉर्न वाजवला. मी दोर सोडला नाही. हे मला शिकवलं होतं त्यांनीच.

‘येतंय गो,’ काका शेवटी म्हणाले. इतक्या हळू, की इंजिन चालू असतं तर ऐकू आलं नसतं.

मग मी दोर बांधला, त्यांनी शिकवलेल्या गाठीनं. टेम्पो गेला. काका अजून आलेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. पण मला काळजी नाही. ते म्हणालेत, मी ऐकलंय. ते अजून चालू आहे.