गिरणीच्या सोयी आणि आमचं भेव

आमच्या सूतगिरणीतले आम्ही दोघं-तिघं अजूनही चहाला बसलो की एक किस्सा निघतो, मग त्याच्या पाठोपाठ दुसरा. नवल म्हणजे बहुतेक किस्से गिरणीनं आमच्या भल्यासाठी केलेल्या सोयींचे. कँटीन होतं, पाळणाघर होतं, आरामाची खोलीसुद्धा होती. पुलगाव-वर्ध्याचे पाहुणे म्हणायचे, तुम्ही लोक नशीबवान. पण तेव्हा आजूबाजूच्या गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. त्यामुळे गिरणीनं काही दिलं की आम्ही आधी एकमेकांकडे पाहायचो. आता बदल्यात काय काढून घेणार?

*

एकदा कँटीनमध्ये अचानक शिरा आला. कोणीतरी बोललं की शेजारची गिरणी बंद झाली, त्याच्या आदल्या दिवशी तिथंही गोड वाढलं होतं. झालं, घास तोंडातच थांबले. अर्धी पंगत उठून नोटीस बोर्डाकडे गेली. बोर्ड कोरा! त्यानं तर अजूनच धास्ती भरली.

शेवटी स्वयंपाक करणारी सिंधूबाई रडकुंडीला आली. "माह्या पोरीले पोरगं झालं," ती म्हणाली. "म्हणून घरून साखर आणली मी."

शिरा थंड झाला होता, तरी सगळ्यांनी दोनदा घेतला.

*

आरामाच्या खोलीत खाटा होत्या, पंखा होता, फक्त माणूस नसायचा. कोण किती वेळ लोळतो ते साहेब लिहून ठेवतात, अशी हवा होती. एका उन्हाळ्यात बाबारावनं हिंमत केली आणि जेवणाच्या सुट्टीत त्याचा डोळा लागला. जाग आली तर शेजारच्या खाटेवर खुद्द लेबर ऑफिसर! चपला हातात घेऊन बाबाराव दाराकडे सरकला, तर मागून साहेबांचा बारीक आवाज आला.

"बाबाराव, मी इथं होतो हे मॅनेजरले सांगू नको बाप्पा."

*

विष्णू माझ्याच खात्यात फिटर होता. मशीनमध्ये त्याचं बोट सापडलं. भिंतीवर औषधाची पेटी होती, पण तिला कुलूप, आणि किल्ली सुपरवायझरकडे. सुपरवायझर लग्नाला आर्वीला गेलेला. रक्त थांबेना. विष्णूनंच दुसऱ्या हातानं हातोडी घेऊन कुलूप तोडलं. पेटीत सुपरवायझरचा कंगवा आणि तंबाखूची पुडी निघाली.

कुलूप तोडल्याबद्दल विष्णूला मेमो मिळाला. उजव्या हाताला पट्टी, सही करता येईना, म्हणून त्यानं मेमोवर डाव्या हाताचा अंगठा दिला.

*

पाळणाघराची आया कौसाबाई पोरांना जुन्या लुगड्याच्या पट्टीनं एकमेकांशी बांधून ठेवायची. पोरं जनावरं आहेत का, म्हणून लतानं साहेबांकडे तक्रार केली. लताची दोन वर्षांची पोरगी तिथं असायची. कौसाबाईला काढायचं जवळजवळ ठरलं होतं.

त्याच आठवड्यात कापसाच्या गोदामाला आग लागली. पाळणाघर अगदी लागून. भोंगा झाला तशा बाया किंचाळत पळाल्या. धुरात काही दिसेना. लता आत शिरत होती, तिला आम्ही दोघांनी धरून ठेवलं. तिनं माझा हात चावला, ते वळ पुढं कितीतरी दिवस होते. तेवढ्यात धुरातून कौसाबाई बाहेर आली. लुगड्याचं टोक तिच्या कमरेला, आणि मागं खोकत, रडत पोरांची रांग. सगळी पोरं होती.

दुसऱ्या दिवशी लतानं आपलं एक लुगडं आणून कौसाबाईला दिलं. "हे मजबूत आहे," एवढंच बोलली.

*

मग एका वर्षी छातीचा फोटो काढणारी गाडी आली. फुकट तपासणी. गिरणीभर बातमी पसरली की ज्याच्या छातीत डाग निघेल, तो गेटच्या बाहेर. पिंजण खात्यातला नामदेव वर्षभर खोकत होता. त्याच्या दोन पोरी लग्नाच्या होत्या. त्यानं जेवण सोडलं. "मले मारून टाकतीन हे," म्हणत होता.

विष्णू त्याचा जिवलग. अंगानं पैलवान, कधी शिंकलेला आठवत नाही. तो म्हणाला, "तू काऊन भिऊन राह्यला? तुह्या नावानं मी जातो." आधी स्वतःच्या नावानं फोटो काढला. मग शर्ट बदलून, नामदेवचा बिल्ला लावून पुन्हा रांगेत उभा राहिला. गाडीतल्या माणसानं वर पाहिलंसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी पाकिटं आली. नामदेवला वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं आपलं पाकीट विष्णूकडे दिलं. मी तिथंच उभा होतो. विष्णूनं हसत हसत फोडलं आणि वाचलं. डाव्या छातीत डाग आहे, लगेच मोठ्या दवाखान्यात दाखवा.

नामदेव मटकन खाली बसला. डोळ्यांतून धार लागली. मग मध्येच थांबला, आणि त्याचा चेहरा उजळला.

"अबे, पण आत तर मी गेलतोच नाई!"

विष्णूच्या दुसऱ्या हातात त्याचं स्वतःचं पाकीट होतं. ते अजून बंदच होतं.