दुसऱ्यापासून जमतं

आश्रुबामामा गेल्याचं कार्ड मला सोनपेठच्या शाळेत मिळालं, तेही पाच दिवसांनी. मधल्या सुट्टीत शिपायाने ते टेबलावर आणून ठेवलं. त्यांच्या मुलाचं, गौतमचं, अक्षर मी लगेच ओळखलं; चौथीपर्यंत मीच त्याच्याकडून पाट्या भरून घेतल्या होत्या. ‘वडील गेले. जलदानविधी रविवारी आहे. तुमची फार आठवण काढत होते.’ तिसरं वाक्य वाचून खरं तर रडू यायला हवं होतं. मला भीती वाटली... आठवण काढत होते म्हणजे नेमकं काय बोलत होते?

त्याला आता महिना होत आला. गेलेल्या माणसाविषयी चार चांगले शब्द लिहायचे असतात, आणि मामांविषयी ते लिहायला मला काहीच अडचण नाही. अडचण माझीच आहे.

सत्तरच्या सुमारास मी पेडगावला नवा मास्तर होतो. गावाजवळच आमची जमीन, आणि हरभरा खायला येणाऱ्या हरणांसाठी वडिलांनी परवाना काढून घेतलेली एकनळी बंदूक. कायदा तेव्हा आजच्याइतका कडक नव्हता. वय बाविशीचं, नुकतंच लग्न झालेलं, त्यात घरात बंदूक. आधीच मर्कट, त्यात मद्य प्याला, अशी गत. आश्रुबामामा तीन एकरांचे शेतकरी. निजामाच्या काळात साहेब लोकांच्या शिकारीत माग काढायला त्यांना न्यायचे. वाळलेल्या ढेकळावरची खूण बघून जनावर कधी गेलं हे सांगणारा माणूस. मी त्यांना म्हटलं, मला शिकवा. ते बराच वेळ तंबाखू मळत बसले.

“मास्तर, मी बार टाकत न्हाई आता. दीक्षा घेतली तवाच सोडलं. पन तुमी काय ऐकनार न्हाईत, दिसायलंय मला. मंग शिकून तरी जा. न शिकता गेलात तर जनावराचे लय हाल करताल.”

जनावराचे हाल होऊ नयेत, एवढ्याचसाठी त्यांनी मला शिकवलं. पहिले पंधरा दिवस बंदूक घरी. रोज शाळा सुटली की त्यांच्या मागे नुसतं हिंडायचं. वारा कुठून येतो ते चिमूटभर माती सोडून बघायचं, बैलगाडीच्या आडोशाने चालायचं, कळप चरताना बसून राहायचं आणि काही करायचं नाही. मादी आणि पाडस यांच्याकडे नळी वळवायचीसुद्धा नाही. पळत्या कळपावर बार टाकायचा नाही. एकटं, आडवं उभं असेल तरच. दिवस कलला की बंदूक रिकामी करायची, कारण माग काढायला उजेड लागतो. बार टाकल्यावर एक बिडी संपेपर्यंत जागचं हलायचं नाही, मग जनावर उभं होतं त्या जागी जाऊन केस, रक्त शोधायचं. आणि शेवटचं ते मला रोज सांगायचे, मी कंटाळेपर्यंत: “जखमी जनावर सोडून घरी यायचं न्हाई. मंग दोन दिस लागू द्या.” मी मान डोलवायचो. वर्गातली पोरं माझ्यापुढे डोलवतात ना, अगदी तशीच.

पंधरा दिवस पुरे व्हायच्या आतच नांदेडहून माझा मेहुणा आला. शनिवारची सकाळची शाळा. त्याला जरा रुबाब दाखवावा म्हणून मी मामांना न सांगता बंदूक काढली. दिवस कलला तरी काही मिळेना. परतताना ओढ्यापलीकडे कळप उधळला आणि मी त्या पळत्या कळपावरच बार टाकला. एक काळवीट मागच्या पायावर बसलं, पुन्हा उठलं आणि तीन पायांवर बाभळींत शिरलं. मी तिथवर गेलो. ढेकळांवर रक्त सांडलेलं होतं, चांगलं ओंजळभर. “दाजी, अंधार पडायच्या आत घरी चला,” मेहुणा म्हणाला. आणि मी चाललो.

आवाज ऐकून मामा बांधावर येऊन उभे होते. “काय झालं मास्तर?”

“हुकला, मामा.”

“रगत, केस काई?”

“काहीच नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बरं झालं हुकला.”

त्यानंतर दोन दिवस ते दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेच्या ओट्यावर येऊन बसले, पाणी मागितलं आणि म्हणाले, “बंदूक ऱ्हाऊ द्या मास्तर आता.” मला वाटलं, न सांगता गेलो म्हणून रुसले. पुढे कायदाच आला आणि शिकार सुटली. कायद्याने सुटली, माझ्या शहाणपणाने नव्हे.

आमची ओळख मात्र वाढत गेली. पौर्णिमेला ते मला त्यांच्या पत्र्याच्या विहारात हाताला धरून न्यायचे. पंचशील सुरू झालं की माझ्या शेजारी बसलेले मामा पहिल्या ओळीला गप्प असायचे आणि दुसरीपासून खणखणीत म्हणायचे. एकदा मी त्यांची थट्टाही केली, “काय मामा, पहिलंच विसरलात?” ते हसले. “सुरवातीला दम लागतोय मास्तर. दुसऱ्यापासून जमतं.”

जलदानविधीच्या रविवारी मी पेडगावला लवकर पोचलो. मामांच्या पत्नी कौसाबाई ओसरीत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि आपणहून सांगितलं. मी बार टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटेच मामा मागावर निघाले होते. हरीण सापडलं ते त्याच्याही दुसऱ्या दिवशी दुपारी. जिवंत होतं, पायाला मुंग्या लागल्या होत्या. मामांनी त्याला ओंजळीने पाणी पाजलं, थोडा वेळ जवळ बसले आणि मग विळ्याने त्याला यातनांतून सोडवलं. घरी येऊन आंघोळ केली, पण दोन दिवस भाकरीला शिवले नाहीत.

“म्हनले, जीव घेनार न्हाई हे पैलं शील आता माझ्या तोंडी शोभत न्हाई. अन् मास्तरला सांगू नको, पोरगं मनाला लावून घील.” कौसाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. “तुमचा काय दोस? तुमाला कुठं ठावं हुतं लागलंय म्हून. हुकला वाटलं, घरी आलात.”

ओंजळभर रक्त होतं तिथे. माग त्याच ढेकळांवरून सुरू होत होता, म्हणजे मामांना पहिल्या क्षणीच सगळं कळलं होतं. आणि बायकोजवळसुद्धा त्यांनी मला खोटारडा ठरू दिलं नव्हतं. त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. ‘कौसाबाई, मला माहीत होतं,’ एवढंच म्हणायचं होतं. मी मान खाली घालून म्हणालो, “चहा नको, आत्ताच घेतला.” तो घेतलेला नव्हता.

विहारात सतरंजीवरची मामांची जागा कुणी घेतली नव्हती, म्हणून मला तिथे बसवलं. शेजारी कौसाबाई. पहिलं शील सुरू झालं, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. दुसरं म्हटलं. तिसरं म्हटलं. चौथं आलं, खोटं न बोलण्याचं... सगळा विहार ते म्हणत होता आणि मी गप्प बसलो होतो. कौसाबाईंचा आवाज ओळीच्या मध्येच थांबला. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मी या वेळी मान खाली घातली नाही. मग त्या पुढे बघून पाचवं म्हणू लागल्या, आणि माझ्यापासून थोड्या सरकून बसल्या.