सारख्या दगडांची ओळ

आमच्या गल्लीतल्या पाथरवटाने उमेदीची सगळी वर्षं एका भांडणात घातली. दफनभूमीत फाटकापाशी, झाडांच्या सावलीत, पैसेवाल्यांचे संगमरवरी चबुतरे असत. मागे नाल्याच्या कडेला गरिबांच्या नावांचे गंजके पत्रे. "जिवंतपणी झालं तेवढं पुरे. मेल्यावर तरी माणसं एका उंचीची होऊ द्या," असं तो नगरपालिकेच्या प्रत्येक सभेत उभं राहून सांगायचा. त्याला हाकलायचे, तो परत यायचा. शेवटी नियम झाला. सगळ्यांना एकाच मापाचा काळा दगड, त्यावर कागदोपत्री असलेलं नाव आणि सालं. बाकी टिंबही नाही. दगड घडवायचं काम त्यालाच मिळालं.

त्याच्या बायकोला अख्खी गल्ली 'रेडिओ' म्हणायची. सकाळी नळावर सुरू व्हायची ती निजेपर्यंत. आजाऱ्याच्या उशाशी बसली की तोही हसून हसून बेजार. "अगं, मधे जरा खरखर तरी कर, तेवढाच कानाला आराम," पाथरवट म्हणायचा. तिचं कागदावरचं नाव त्यालाही आठवूनच सांगावं लागे.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली.

तिचा दगड समोर घेतला, पण छिन्नी चालेना. तो नगरपालिकेतल्या कारकुनाकडे गेला. नियमासाठी दोघे बरोबरीने भांडले होते.

"नावाखाली 'रेडिओ' एवढंच कोरू दे."

कारकुनाने चष्मा काढला. "दादा, उद्या कारखानदार म्हणेल, माझ्या बापाच्या नावापुढे 'दानशूर' घाला. हे तुम्हीच सांगायचात ना?" मग आवाज उतरवून म्हणाला, "पण तुमचं वेगळं. तुम्ही कोरा. कुणी हूं की चूं करणार नाही."

"माझं वेगळं?" पाथरवट उठलाच. "इस्त्रीवालीचं पोर गेलं तेव्हा तिने दगडावर एक पतंग मागितला होता. मी तिला नियम दाखवून परत पाठवली. आता कोणत्या तोंडाने कोरू?"

दगड त्याने नियमाप्रमाणेच घडवला. गल्लीतल्या बायका फुलं घेऊन गेल्या, ओळीओळींतून हिंडल्या आणि फुलं घेऊनच परतल्या. रेडिओ कुठेच नव्हती, आणि दुसरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं.

एकदा त्याच्या ओट्यावर बसलो असताना मी न राहवून विचारलं, "मग तो नियमच चुकला म्हणायचं का?"

"नाही ना! तेच तर," तो म्हणाला. "नियम काढला की चबुतरे परत आलेच. चुकला असता तर मीच जाऊन मोडला असता."

उन्हाळ्यात लांबच्या शहरातून त्याची लेक आली. दोघं दफनभूमीत गेली. ती भराभर पुढे गेली, एका दगडावर आईचं नाव वाचलं आणि फुलं ठेवून रडत बसली. मागून आलेल्या बापाने सालं पाहिली. दगड त्याच नावाच्या दुसऱ्याच कुणा बाईचा होता.

"बाबा, बोला ना आईशी काहीतरी."

तो खाली वाकला, दगडावरची धूळ तळहाताने पुसली आणि म्हणाला, "चल, ऊन वाढतंय."

हे त्याने मला नंतर सांगितलं, तेही अगदी कोरड्या आवाजात. लेकीला मात्र त्याने ते कधीच सांगितलं नाही. दगड अजून तोच घडवतो. तिकडे बसवायला मात्र दुसऱ्यांना पाठवतो.