टेकडीवरचं नेट

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या वर्षी फर्मान निघालं, नुकसानीचा अर्ज ऑनलाइन करा, मशीनवर अंगठा द्या. राळेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात हे काम नुजहतकडं होतं. ट्रॅक्टर मेकॅनिक अय्यूबभाईंची ही मुलगी बी.ए. झाली आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत सेवा केंद्र चालवू लागली.

खोलीत सरकारी इंटरनेटचा डबा होता. उद्घाटनाला त्याचा दिवा लागला, फोटो निघाले. पुढं रस्ता रुंद करणाऱ्या जेसीबीनं केबल तोडली, ती तुटलेलीच राहिली. मोबाइल कंपनीचा टॉवर दूर हायवेवर. त्याची रेंज फक्त गावामागच्या टेकडीवर यायची. म्हणून नुजहतनं लॅपटॉप आणि मशीन वर नेऊन पळसाखाली टेबल मांडलं. म्हातारी माणसं धापा टाकत चढू लागली.

म्हाताऱ्या उकंडाबुवाचा शेतात राबून झिजलेला अंगठा मशीन ओळखेना. तो पुन्हा पुन्हा चढला. एकदा उतरताना मुरमावरून घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं.

नुजहत तडक तहसीलला गेली. तहसीलदार साहेबांसमोर मोबाइल कंपनीचा माणूस चहा घेत होता.

"साहेब, आमची केबल कोण जोडणार?"

"देखभाल ठेकेदाराकडं आहे," साहेब म्हणाले. "आणि आता कंपन्याच नेट देतात. सरकारनं किती करायचं?"

कंपनीचा माणूस हसला. "तुमच्या गावात गिऱ्हाईक किती, ताई? टॉवर परवडत नाही. खेड्यांचं काम सरकारचं."

"म्हणजे अर्ज मागाले सरकार, रिचार्ज विकाले कंपनी, अन् टेकडी चढाले उकंडाबुवा," नुजहत म्हणाली. "तुमी एकमेकाकडं बोट दाखवून राह्यले. त्याचं मोडलेलं हाड कोनाच्या नावावर टाकू?"

साहेबांनी पुढची फाइल ओढली. काही दिवसांनी आदेश आला: केंद्र ठरलेल्या जागेबाहेर चालवलं, म्हणून नुजहतचा केंद्र चालवायचा आयडी बंद.

"बेटी, सोड आता," अय्यूबभाई म्हणाले.

"काहून सोडू? चूक माही आहे का?"

तिनं गावातल्या भावसिंगचा टेम्पो ठरवला. ज्यांचे अर्ज राहिले होते ते सगळे त्यात बसले; उकंडाबुवाला खाटेसकट चढवलं. तहसीलच्या व्हरांड्यात खाट उतरवून नुजहत साहेबांना म्हणाली, "इथं नेट आहे ना? मंग तुमचा मानूस बसवा, नाहीतर माहा आयडी चालू करा. आमी अंगठे घेऊन आलो."

लोक हलेनात. बाहेर गर्दी जमली. दुपारी साहेबांनी फोन फिरवला आणि आयडी चालू झाला. उकंडाबुवाचा अंगठा तिथंही जुळला नाही, तेव्हा कारकुनानं कपाटातून डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवणारं मशीन काढलं. खोकंसुद्धा फोडलेलं नव्हतं. ते पाहून नुजहतच्या डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. हे मशीन इथं पडून होतं आणि म्हातारा तिकडं टेकडी चढत होता.

सगळ्यांचे अर्ज झाले, उकंडाबुवाचाही. केबल अजून कोणी जोडलेली नाही. सरकारी अहवालात मात्र आमचं गाव इंटरनेटनं जोडलेलं आहे, आणि उकंडाबुवा काठीशिवाय उभा राहू शकत नाही.