आईंचा पहारा

माझ्या सासूबाई पार्वती, आम्ही त्यांना आई म्हणतो, यांचा जगात दोनच गोष्टींवर विश्वास होता. एक स्वतःची जीभ आणि दुसरा स्वतःचा हात. बाकी सगळी भेसळ. दूधवाल्याचं दूध त्या आधी बोटावरून ओघळू देऊन बघत. तांदळाचा दाणा दाताखाली फोडल्याशिवाय घेत नसत. भेंडीचं टोक मोडून बघितल्याशिवाय ती पिशवीत पडत नसे. आई लांबून दिसल्या की भाजीवाले भेंडीवर गोणपाट टाकतात, असं माझा नवरा भावेश म्हणायचा. मी लग्न होऊन कामतघरला आले तेव्हा त्यांनी मलाही असंच टोक मोडून बघितलं. मी कल्याणची, सकाळी चहात बिस्किटं बुडवणारी. म्हणजे पहिल्या दिवसापासून संशयितच.

पण त्यांच्या हाताला चव होती, हे मी वैतागलेली असतानाही कबूल करायची. त्यांचं माहेर अकलोलीकडचं, शेतावरचं. हाताशी असेल त्यातून त्या जेवण उभं करायच्या. पावसात टाकळ्याची भाजी, एरवी परसातल्या शेवग्याचा पाला, वालाचं बिरडं, नाचणीची भाकरी. संध्याकाळी भूक लागली तर भाजलेले चणे नाहीतर उकडलेल्या शेंगा. वडापाव, फरसाण उंबऱ्याबाहेर. आणि एक नियम असा की अन्न टाकायचं नाही, पेजसुद्धा नाही. भात भरपूर पाण्यात शिजवायचा, वरची दाट पेज गाळायची, चिमूटभर मीठ घालायचं आणि घरात जो थकलेला, आजारी असेल त्याला द्यायची. "पेज म्हंजे अंगात जीव," त्या म्हणत. माझ्या बाळंतपणात मी इतकी पेज प्यायले की अजून तिचा वास आला तरी पोट भरतं.

२००६ साली माझे सासरे केसरीनाथ, आमचे बाबा, यांच्या पायाला लागलं. आमच्या जुन्या शेतावर लूमची, म्हणजे यंत्रमागांची, शेड उभी होती, ती भाड्याने दिलेली. तिथे गप्पा मारायला गेले आणि उजव्या पायाच्या अंगठ्यात लोखंडी पट्टी घुसली. जखम भरेना. तपासलं तर साखर भलतीच वाढलेली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, साखर उतरली नाही तर अंगठा काढावा लागेल. गोड बंद, बेकरीचं बंद, भात थोडा आणि तोही पेज गाळून.

झालं. त्या दिवसापासून घराची चौकी झाली आणि आई फौजदार.

साखरेचा डबा कपाटात गेला, किल्ली आईंच्या कमरेला. बाबांच्या ताटात नाचणीची अर्धी भाकरी, पाल्याची भाजी, मुगाचं वरण आणि मुठीएवढा भात. गाळलेली पेज दुपारी झोपेतून उठल्यावर. आई मन लावून करत होत्या, त्यात खोट काढायला जागा नव्हती. तरी पुढच्या तपासणीत साखर होती तिथेच. अंगठा काळपट दिसायला लागला.

"कोनतरी खायला घालतंय," आई घरी आल्या आल्या म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. "कुंपनच शेत खातं."

माझं डोकंच फिरलं. मी माझी बिस्किटं आणून त्यांच्यासमोर ठेवली, म्हटलं हीसुद्धा कपाटात टाका. त्यांनी खरंच टाकली! मी आठवडाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. भावेश दोघींच्या मधे मान खाली घालून जेवायचा.

मग पाळी बाबांची. सकाळी ते वऱ्हाळा तलावाला फेरी मारून आले की आई दारातच उभ्या. "अवो, तोंड उघडा बघू." आधी वास, मग सदऱ्याचा खिसा उलटा करून झटकायचा. एकदा खिशातून भुगा पडला. आईंनी तो तळहातावर घेऊन उजेडात नेला, चाटून बघितला. तंबाखू निघाली. तरी दिवसभर त्या म्हणत राहिल्या की तंबाखू वरवर ठेवलीय, नानखटाई लपवायला.

भारनियमनात वीज गेली की लूमची खडखड एकदम थांबते आणि कारागीर चहाच्या टपऱ्यांवर जमतात. आईंना ती शांतताच खुपायला लागली. खडखड थांबली की त्या पदर खोचून निघायच्या, बाबा कुठल्या बाकड्यावर बसलेत ते बघायला. टपरीवाल्याला विचारायच्या, "इनको कुछ दिया क्या? सच बोल." तो बिचारा अल्लाची शपथ घ्यायचा, सलाम करायचा. निजामपुऱ्यातल्या बेकरीतसुद्धा त्या रिक्षा करून गेल्या आणि नवऱ्याचं वर्णन देऊन आल्या. बाबा आधी हसायचे, पुढे हसणंही कमी झालं. घरात त्यांच्याकडे कुणी सरळ बघतच नव्हतं, सगळ्यांची नजर हातात काय आहे ते बघायची. माझीसुद्धा.

दुपारी मात्र पेजेची वाटी द्यायला आई स्वतः जायच्या. फुंकर घालून निववायच्या, त्यांच्याजवळ बसायच्या आणि शेजारच्या गुणाबाईची, तिच्या शेळ्यांची काहीबाही गोष्ट सांगायच्या. तेवढा वेळ चौकशी बंद. मला ते बघून वाटायचं, चला, दिवसातून एकदा तरी फौजदाराची सुट्टी होते.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी शेवटची मुदत दिली. तेव्हा आईंनी हुकूम काढला की बाबांनी एकट्याने कुठेच जायचं नाही. तलावाला आई बरोबर, शेडला आई बरोबर, संडासाच्या दाराशीसुद्धा आई उभ्या. बाबांच्या तोंडात त्यांनी दिल्याशिवाय पाण्याचा घोटही जात नव्हता. पुन्हा रक्त तपासलं. साखर तसूभरही उतरलेली नव्हती.

त्या दिवशी आई चुलीपुढे नुसत्या बसून राहिल्या. आता संशय घ्यायला कुणी उरलं नव्हतं. मी नव्हते, टपरीवाला नव्हता, बाबा तर डोळ्यांसमोर होते. कुकर घरात होता तरी त्यांचा भात टोपातच व्हायचा. तो शिजला, सवयीने त्यांनी झाकण लावून टोप कलता केला आणि पेज वाटीत पडायला लागली. दाट, पांढरी. त्या बघत राहिल्या. वाटी भरून वाहायला लागली तरी टोप सरळ करेनात.

"उन्नती," त्यांनी मला हाक मारली. "भातातला गोड काढून मी त्यांनाच पाजतेय गं. रोज."

इतके महिने माझ्याही डोळ्यांदेखत ती वाटी जात होती.

"कुंपन," त्या एवढंच म्हणाल्या आणि वाटी घेऊन गुणाबाईच्या शेळ्यांना घालून आल्या. अन्न टाकायचं नाही हा नियम तेव्हाही त्यांनी मोडला नाही. दुपारी बाबांनी पेज मागितली तर म्हणाल्या, "आज भात लागला, पेज न्हाय निघाली." मग रोजच काहीतरी कारण.

साखर उतरायला लागली. जखमेला लाल, ताजं मांस दिसायला लागलं. पुढच्या खेपेला आम्ही तिघं दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टर खूश होते. अंगठा वाचला म्हणाले. पट्टी बांधता बांधता बाबांना सहज बोलले, "शेवटी पेज सोडलीत वाटतं? गणपतीच्या आधीच सांगितलं होतं ना तुम्हाला, पेजेत सगळा भातच असतो म्हणून."

त्या खेपेला आई आणि मी खाली औषधं घ्यायला गेलो होतो, मला आठवलं. आईंनी बाबांकडे बघितलं. बाबा पट्टीकडे बघत होते.

घरात पाऊल टाकताच आईंचा बांध फुटला. "तुमाला म्हाईत व्हता? म्हाईत असून पीत व्हता? मी गावभर चोर शोधत फिरले, सुनेला बोलले, आन तुमी! अंगठा गेला असता म्हंजे?"

बाबा खाटेवर बसले. सदऱ्याचा खिसा त्यांनी आपणहूनच उलटा करून दाखवला, सवयीने.

"सांगनार व्हतो," ते म्हणाले. "पन दिसभर तू मना चोरासारखी बघायचीस. वाटी देताना तेवढी न्हाय बघायचीस. ती पन बंद केली असती, तर माझ्याजवल बसली असतीस कवा?"

आई पदराने डोळे पुसत आत गेल्या. थोड्या वेळाने मुगाचं पातळ कढण घेऊन आल्या, त्याच वाटीतून. फुंकर घातली, खाटेवर त्यांच्याजवळ बसल्या आणि कमरेची किल्ली काढून माझ्याकडे टाकली.

"गुणाबाईची शेली व्याली," त्या म्हणाल्या. "दोन पिल्ला झाली."