आपोआप उघडणारी भिंत

आमच्या वाचनालयाची दक्षिणेकडची भिंत बघायला लोक लांबून येतात. येतात, फोटो काढतात, जातात. पुस्तक कुणी नेत नाही, ते असो. भिंतीला सहाशे चाळीस लाकडी झडपा आहेत, एकेक तळहाताहून जरा मोठी आणि पुठ्ठ्याएवढी पातळ. मोटर नाही, वायर नाही. हवा कोरडी झाली की झडपा वाकून उघडायच्या, ओली झाली की सरळ होऊन मिटायच्या. लाकूडच हवेतला ओलावा पिणार आणि त्यावर हलणार, अशी युक्ती. कुठली झडप केवढी, तिच्यातल्या रेषा उभ्या की तिरक्या, हे सगळं मॅडमनी कॉम्प्युटरवर काढलेलं. मॅडम म्हणजे या इमारतीच्या आर्किटेक्ट.

मी देवघेवीच्या टेबलावर बसते. पण मला सांगायचंय ते मिस्त्रींबद्दल. झडपा बसवल्या त्यांनी, आणि काम संपल्यावर देखभालीला म्हणून इथेच राहिले. त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षांत त्यांनी एकही पूर्ण रजा घेतली नाही, आणि याचं कौतुक म्हणून त्यांना दोनदा शाल मिळाली. दोन्ही वेळा मला टाळ्या वाजवताना राग आला होता, कारण खरं काय ते मला माहीत होतं.

झालं होतं ते असं. उद्घाटनाला चार दिवस राहिले होते आणि भिंतीवरचं लाकूड कोरं होतं. मिस्त्रींच्या वडिलांनी त्यांना पहिल्या दिवसापासून एकच शिकवलेलं, की कोरं लाकूड उन्हापावसात ठेवायचं नाही. नकाशात ‘पॉलिश नाही’ असं लिहिलं होतं. मिस्त्रींना वाटलं, घाईत राहून गेलंय किंवा कुणीतरी काटकसर करतंय. त्यांच्या जिवाला ते बघवेना. दोन दिवस खपून त्यांनी झडपन् झडप दोन्ही बाजूंनी पारदर्शक पॉलिशनं रंगवली. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देणार नव्हतं. केवळ लाकडावरच्या मायेपोटी.

उद्घाटनाच्या भाषणात मॅडम म्हणाल्या, हे लाकूड श्वास घेतं, हवेतला ओलावा पितं. मागे उभ्या असलेल्या मिस्त्रींना तेव्हा कळलं. त्यांनी सहाशे चाळीस तोंडं स्वतःच्या हातानं बंद केली होती. कडक ऊन होतं आणि एकही झडप हलत नव्हती. लोक विचारू लागले तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, की नवं लाकूड आहे, रुळायला आठ दिवस लागतात.

त्या आठ दिवसांत त्यांनी मासेमारीचा बारीक दोरा आणला आणि झडपांच्या वीसही ओळींमागून ओवून घेतला. भिंत आणि पुस्तकांची कपाटं यांच्यामध्ये दीड हाताची फट आहे. तिथे त्यांनी वीस खुंट्या ठोकल्या. खुंटी पिळली की ती ओळ वाकून उघडते, सैल सोडली की मिटते. नवव्या दिवशी भिंत अशी काही डुलली की मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्याच महिन्यात भिंतीला बक्षीस जाहीर झालं. मग कुठल्या तोंडानं सांगणार? पॉलिश खरवडावं तर एवढी पातळ झडप हातात तुटून येते. आज सांगतो, उद्या सांगतो करता करता माणूस भिंतीला जुंपला गेला.

मला हे तिसऱ्या वर्षी कळलं, कपाटामागे पडलेलं पुस्तक काढायला गेले तेव्हा. मिस्त्री अंग वळवून फटीत उभे होते, एक गाल लाकडाला टेकलेला, हात डोक्यावरच्या खुंटीवर. माझ्याकडे त्यांनी असं बघितलं की मी पुस्तक तिथंच सोडून बाहेर आले. तेव्हापासून मीही मूग गिळून गप्प बसले. अधूनमधून चिडवायची तेवढी, की मिस्त्री, तुमची भिंत आज जांभया देतेय. ते हसायचे नाहीत.

बायको गेल्यानंतर त्यांना एकच माणूस उरलं, मुलगी. तिच्या लग्नात सकाळी हजर होते. दुपारी आभाळ भरून आलं तसे जेवणाच्या पंगतीतून उठून इथे आले. झडपा उघड्या राहिल्या असत्या तर पुस्तकांत पाणी गेलं असतं. मुलीनं वर्षभर अबोला धरला. तिला वाटायचं, बाबांना आपल्यापेक्षा इमारत प्यारी. तिला तरी काय सांगणार?

या वर्षी तिला दिवस गेले. सासर एका दिवसाच्या प्रवासावर. तिनं फोन करून सांगितलं, की बाळंतपणाला मला माझं माणूस हवंय, आठ दिवस या. या वेळी आला नाहीत तर पुन्हा बोलावणार नाही. मिस्त्रींनी हे मला सांगितलं तेव्हा हातातला डबा तसाच होता, उघडलेलासुद्धा नाही.

आणि त्याच आठवड्यात मॅडम आल्या. त्यांना एका हॉस्पिटलचं काम मिळालं होतं, अशाच भिंतीचं, चौपट मोठ्या. झडपांमध्ये पहिल्यापासून बॅटरीवरची छोटी यंत्रं बसवलेली आहेत, कुठली ओळ कधी किती उघडली ते टिपणारी. अकरा वर्षांची ती नोंद मॅडमना हॉस्पिटलवाल्यांना दाखवायची होती. मिस्त्रींनी ते ऐकलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, “ताई, तिथे आजारी माणसं असणार. आता नाही गप्प राहायचं.”

मी त्यांच्याबरोबर गेले. मिस्त्रींनी पॉलिशपासून खुंट्यांपर्यंत सगळं सांगितलं, एका दमात, खाली बघून. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग लॅपटॉप आमच्याकडे फिरवला. पडद्यावर दिवसभर वरखाली जाणारी एक रेघ होती, आणि दर दिवशी एका ठिकाणी ती सपाट व्हायची.

“रोज दुपारी एक ते दीड भिंत हलत नाही,” मॅडम म्हणाल्या. “लाकूड जेवत नाही, मिस्त्री.”

मॅडमना हे दुसऱ्याच वर्षी कळलं होतं. बक्षीस घेऊन झालं होतं, भाषणं झाली होती. त्याही आज सांगते, उद्या सांगते करत राहिल्या. मला तर तोंडात मारल्यासारखं झालं. तिघं शहाणी माणसं तिघांनाही माहीत असलेली गोष्ट लपवत होतो.

मिस्त्रींनी त्या सपाट रेघेवर बोट ठेवलं. मग एवढंच विचारलं, “म्हणजे पोरीच्या लग्नात मी जेवायला थांबलो असतो तर चाललं असतं?”

मॅडमनी लॅपटॉप मिटला. मला तर त्यांच्याहून जास्त लाज वाटली. त्या दिवशी फटीत मी उभी राहू शकले असते. मला सुचलंसुद्धा नव्हतं.

मॅडमनी आमच्यासमोर हॉस्पिटलवाल्यांना फोन लावला आणि खरं ते सांगितलं. ते काम राहील की जाईल, अजून कळलेलं नाही. नव्या झडपा कापून यायला चार महिने लागणार. तोवर पुस्तकांसाठी खुंट्या कुणीतरी सांभाळायलाच हव्यात. मिस्त्रींनी मला दोन तास शिकवलं. वारा कुठून आला की वरची ओळ आधी सोडायची, बोटाला दोरा चिकट लागला की काय समजायचं. फटीत त्यांच्या गालाच्या उंचीवर लाकूड गुळगुळीत झालंय. मग पिशवी उचलून ते गेले, तीनदा वळून बघत.

पाचव्या दिवशी दुपारी आभाळ एकाएकी फुटलं. मी फटीत घुसले, मागोमाग मॅडम, चांगल्या साडीनिशी. त्या रोजच यायच्या, कुणी न बोलावता. मी वरच्या दहा ओळी सोडत होते, त्या खाली उकिडव्या बसून खालच्या. तेवढ्यात माझा फोन वाजला.

मिस्त्री होते. नात झाली होती. दोघी सुखरूप, पोर मांडीवर आहे म्हणाले. मुलगी मागून काहीतरी बोलली आणि ते हसले. अकरा वर्षांत मी त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं. मग ते थांबले.

“ताई, तिकडे हवा कशी आहे?”

पाऊस लाकडावर ताडताड वाजत होता. मी फोन कानाशी घट्ट दाबला आणि पाऊस ऐकू जाऊ नये म्हणून बोलायच्या बाजूला तळव्याचा आडोसा केला.

“लख्ख ऊन पडलंय,” मी म्हटलं. “तुम्ही सावकाश या.”

खालून मॅडमनी माझ्याकडे बघितलं, आणि पुढची खुंटी आवाज न करता सोडली.